जायकवाडी भरलं, मग पाणी का सोडतात?

दरवर्षी पावसाळा सरता सरता मामांचा फोन येतो. मामा पैठणच्या खाली, गोदाकाठच्या एका गावात राहतात आणि नदीपात्रात त्यांची पाणी उपसायची मोटार आहे. विचारायचं एकच असतं, "किती सुटलंय रे? मोटार काढावी का?" मी मोबाइलवर आलेला आकडा वाचून दाखवतो. अठरा दरवाजे अर्ध्या फुटानं, ९ हजार ४३२ क्युसेक. मग त्यांचा दुसरा प्रश्न येतो आणि तो कधी बदलत नाही. "उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन पळवतात आन् आता भरलेलं धरण सोडून देतात. हे कसलं शहाणपण?"

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. पैठणच्या बसस्टँडवर, छत्रपती संभाजीनगरच्या चहाच्या टपरीवर, गेवराई-माजलगावच्या बाजारात तो दरसाल ऐकू येतो. उत्तर अवघड नाही, पण त्यासाठी दोन मापं आणि पैठणच्या या जायकवाडी धरणाचा आकार समजून घ्यावा लागतो. तेवढं जमलं की सप्टेंबरातला पूर, मेमधली टंचाई, नाशिक-नगरशी चाललेलं भांडण, या सगळ्या एकाच गोष्टीच्या बाजू आहेत हे दिसायला लागतं. ती गोष्ट म्हणजे धरणातली रिकामी जागा.

टीएमसी आणि क्युसेक

टीएमसी हे साठ्याचं माप. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. आपल्याकडे पाण्याचं खरं माप टँकर आहे, म्हणून त्यात सांगतो: दहा हजार लिटरचे २८ लाख टँकर म्हणजे एक टीएमसी.

क्युसेक हे वाहत्या पाण्याचं माप. एका सेकंदात एक घनफूट, म्हणजे २८ लिटर पाणी. दोन घागरी धरा. बातमीत "एक लाख क्युसेक विसर्ग" असं येतं तेव्हा सेकंदाला साधारण २८० टँकर नदीत ओतले जात असतात. हे वाक्य वाचेपर्यंत हजारावर टँकर गेले.

दोघांना जोडणारा एक आकडा लक्षात ठेवावा असा आहे. ११ हजार ५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. मामांच्या ९ हजार ४३२ क्युसेकला दिवसभरात एक टीएमसीसुद्धा भरत नाही. एक दरवाजा अर्धा फूट उचलला की सव्वापाचशे क्युसेकच्या आसपास पाणी सुटतं, त्यामुळे "अठरा दरवाजे उघडले" या मथळ्यापेक्षा ते किती फुटांनी उघडले हे महत्त्वाचं. मथळा देणाऱ्यांना मात्र अठराच आवडतात.

विहीर नव्हे, परात

धरण म्हटलं की डोळ्यांसमोर कोयना येते. दोन डोंगर, मध्ये भिंत, मागं खोल पाणी. मराठवाड्यात असे डोंगर गोदावरीच्या काठाला नाहीत. मुळात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेवढं राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. सपाट मुलखात नदी अडवायची तर भिंत लांबच लांब घालावी लागते. म्हणून ही मातीची भिंत जवळपास दहा किलोमीटर भरते. या टोकाहून त्या टोकाला चालत जायचं तर दोन तास हवेत.

भिंतीमागचं पाणीही तसंच पसरलेलं. सुमारे ५५ किलोमीटर लांब, रुंदीला जास्तीत जास्त २७ किलोमीटर, क्षेत्रफळ साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. ११८ गावं त्याखाली गेली. एवढ्या पसाऱ्यात उपयोगाचं पाणी किती उंचीत मावतं? पैठणचे लोक आजही पातळी फुटांत सांगतात. पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट. त्याखालचे अठ्ठावीसेक फूट म्हणजे धरणाचं सगळं वापरायचं पाणी. एवढ्या उथळ थरात ७६ टीएमसी!

घरात विहिरीसारखं उभं भांडं असतं तशी पसरट परातही असते. जायकवाडी परात आहे. परातीत पाणी ठेवून उन्हात सोडलं की संध्याकाळी काय होतं हे सांगायला नको. मेच्या उन्हात इथली पातळी नुसत्या बाष्पीभवनानं दिवसाला पाऊण-एक सेंटिमीटर उतरू शकते. ऐकायला नखाएवढं वाटतं. पण उन्हाळ्यात आकसलेलं पाणी दोनशे चौरस किलोमीटरवर पसरलेलं धरलं, तर एका सेंटिमीटरमागं २०० कोटी लिटर उडून जातात. संभाजीनगर शहराला गेली काही वर्षं जायकवाडीतून दिवसाला तेरा-चौदा कोटी लिटर मिळत आलं आहे. म्हणजे शहराचं दोन आठवड्यांचं पाणी सूर्य एका दिवसात पिऊन टाकतो.

शून्य टक्के म्हणजे कोरडं नव्हे

टक्केवारीनं लोकांची जितकी दिशाभूल होते तितकी कशानंच होत नसेल. जायकवाडीची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या वर. त्यातले २६ टीएमसी तळाशी, कालव्याच्या तोंडाच्या खाली राहतात. त्याला मृतसाठा म्हणतात. गाळासाठी सोडलेली ती जागा. कालव्यातून ते पाणी आपोआप बाहेर येत नाही. वरचे ७६ टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा, आणि बातमीतले टक्के बहुतेक वेळा याच साठ्याचे असतात.

म्हणून "जायकवाडी शून्यावर" या बातमीच्या दिवशीही धरणात २६ टीएमसीपर्यंत पाणी असतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसी आहे. आपलं "रिकामं" धरण पुण्याच्या भरलेल्या चार धरणांच्या जवळपास जातं. दुष्काळात पंप लावून, चर खोदून याच मृतसाठ्यातून शहराची आणि गावांची तहान भागवली आहे. अर्थात या २६ टीएमसीत वर्षानुवर्षांचा गाळही आहे, त्यामुळे कागदावरचे सगळे लिटर प्यायला मिळतील असं समजू नये.

भरलेलं धरण सोडावं का लागतं

आता मामांचा मूळ प्रश्न. पैठणला पाऊस बेताचाच. धरण भरतं ते नाशिकच्या आणि नगरच्या सह्याद्रीत पडणाऱ्या पावसानं. आपल्याकडे आभाळ कोरडं ठाक असतं आणि नदी मात्र दुथडी येते. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून सुटलेलं पाणी वैजापूर तालुक्यातल्या नागमठाणला मोजलं जातं आणि तिथून ते नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, शिरतं. प्रवरा आणि मुळेचं पाणी वेगळं. वरची सगळी धरणं भरली की तीही सोडायला लागतात, आणि त्यांच्या खाली एकच मोठं भांडं उरतं.

गणित करून बघू. धरण काठोकाठ असताना परातीचा वरचा एक फूट म्हणजे पावणेचार टीएमसी. वरून दीड लाख क्युसेक येत असेल तर दिवसाला तेरा टीएमसी झालं. म्हणजे चोवीस तासांत साडेतीन फूट. अडीच लाख आलं तर पावणेसहा फूट. १,५२२ फुटांवर पोचलेल्या धरणात हे ठेवायचं कुठं? भिंतीचा माथा पूर्ण पातळीच्या वर काही मीटर उंच बांधलेला असतो खरा, पण ती जागा साठवणीची नाही. लाटा, वादळ आणि हिशेबाबाहेरचा पूर यांच्यासाठी ती कोरडीच राहायला हवी.

का, तर भिंत मातीची आहे म्हणून. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. शेताचा बांध आतून कितीही पाणी तोलतो, पण एकदा बांधावरून पाणी गेलं की आधी बोटभर घळ पडते, तासाभरात बांधच नाहीसा होतो. गुजरातेत मोरबीच्या मच्छू धरणाचं ११ ऑगस्ट १९७९ ला हेच झालं. पूर दरवाज्यांना पेलेना, पाणी मातीच्या भागावरून गेलं आणि खालचं शहर उद्ध्वस्त झालं. जायकवाडीत हे होऊ नये म्हणून मातीच्या भिंतीत पक्क्या बांधकामाचा एक तुकडा आहे. त्याला सांडवा म्हणतात. त्यावर २७ दरवाजे आहेत, त्यांतले ९ आणीबाणीसाठी. पाणी जायचं ते याच वाटेनं.

"मग ऑगस्टपासूनच थोडं थोडं सोडा ना"

बरोबर आहे, आणि तसं सोडतातही. प्रत्येक मोठ्या धरणाला एक वेळापत्रक असतं. अमुक तारखेला पातळी इतकीच ठेवायची, त्यावर आलेलं सोडायचं, पावसाळा संपताना पूर्ण भरायचं. हेतू हा की सप्टेंबरात मोठा पूर आलाच तर तो झेलायला जागा असावी.

अडचण अशी की हे वेळापत्रक जुन्या पावसाच्या सरासरीवर बेतलेलं असतं आणि मराठवाड्यात सरासरी नावाचं वर्ष क्वचितच उगवतं. समजा ऑगस्टात धरण ८० टक्के झालं आणि अभियंत्यानं पुराच्या भीतीनं दहा टीएमसी सोडले. पुढं पाऊस रुसला तर मार्चमध्ये सगळा मराठवाडा त्याच्या नावानं बोटं मोडणार. त्यानं सोडले नाहीत आणि सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, तर पैठणकर बोटं मोडणार. रिकामी जागा ठेवणं हे पुराविरुद्ध उतरवलेल्या विम्यासारखं आहे. हप्ता पाण्यात भरायचा, आणि इथं पाण्यापेक्षा महाग काही नाही. मला विचाराल तर आपल्याकडचे अधिकारी हा हप्ता भरायला कचरतात आणि शेवटच्या क्षणी एकदम दरवाजे वर जातात, ही तक्रार पुष्कळदा रास्त असते. वरच्या नद्यांवर पाऊस आणि प्रवाह मोजणारी यंत्रं वाढली, अंदाज दोन दिवस आधी खात्रीनं मिळाला, तर हा जुगार बराच कमी होईल.

धरण पाझरतंय, म्हणजे फुटणार का?

पावसाळ्यात एक व्हिडिओ हमखास फिरतो. भिंतीच्या पायथ्याशी पाणी निघतंय, वर लाल अक्षरांत "धरणाला धोका". असा व्हिडिओ आला की आधी माठ आठवावा. मातीचा माठ पाझरतो. तो पाझरतो म्हणूनच पाणी गार राहतं, आणि त्याला कुणी फुटका म्हणत नाही. मातीचं धरणही पाझरतंच. जगात न पाझरणारं मातीचं धरण नाही.

भिंतीच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं कवच, ते गाभ्याला आधार देतं. भिंतीखाली खोल चर खणून तोही चिकणमातीनं भरलेला, म्हणजे पाणी खालून वाट काढणार नाही. पाण्याच्या बाजूला लाटांपासून जपायला दगडांचं अस्तर. आणि गाभ्यातून जे थोडं पाणी झिरपतं, ते वाळू-खडीच्या थरांतून गाळून पायथ्याच्या दगडी भरावातून बाहेर काढून देतात. तिथं ते मोजलंही जातं.

पाहायचं असतं ते पाण्याच्या रंगाकडं. नितळ आणि दरसाल तेवढंच येत असेल तर माठ पाझरतोय. गढूळ यायला लागलं तर पाणी भिंतीतली माती घेऊन येतंय, आत पोकळी होतेय, आणि मग मिनिटं मोजायची वेळ आलेली असते. एकाएकी वाढलेला पाझर, भिंतीवर खचलेली जागा, माथ्यावरची लांब भेग ही तशीच लक्षणं. असं काही दिसलं तर व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी धरणाच्या शाखा कार्यालयात आणि तहसीलला फोन करावा.

भिंतीवर उगवलेली झुडपं, घुशींची आणि खेकड्यांची बिळं यांनाही हसण्यावारी नेऊ नये. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात तिवऱ्याचं धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि राज्यभर टिंगल झाली. बिळांतून पाण्याला वाट मिळते हे खोटं नाही. पण बिळं दिसतात, ती बुजवता येतात, आणि ती बघायलाच दर पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करायची असते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं या दोन्ही तपासण्या बंधनकारक केल्या आहेत. धरण फुटलं तर पाणी कुठवर जाईल, कुणाला कसं हलवायचं, याचा आपत्कालीन आराखडाही प्रत्येक मोठ्या धरणाला पाच वर्षांत करायला सांगितला आहे. आपल्या ग्रामपंचायतीत तो कुणी पाहिलाय का, हे एकदा विचारून बघा.

आणि भूकंप? ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट विसरलेलं माणूस मराठवाड्यात नाही, त्यामुळे ही भीती खरी आहे. नीट ठोकून बसवलेलं मातीचं धरण हादऱ्याला बरंच लवचीक असतं. दगडी भिंतीसारखं तडकण्यापेक्षा ते थोडं खचतं, बसतं. कोयनेचं धरण काँक्रीटचं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात त्याला भेगा पडल्या, तरी ते उभं राहिलं आणि नंतर मजबूत केलं गेलं. पुराच्या तुलनेत भूकंपाची काळजी मी खालच्या क्रमांकावर ठेवीन.

धरण शाबूत, तरी पैठण पाण्यात

ऑगस्ट २००६ मध्ये धरणाला काही झालं नव्हतं. ते वाचवायला अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि भिंतीच्या अगदी पायथ्याशी असलेल्या पैठणच्या घराघरांत गोदावरी शिरली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीतही विसर्ग दोन लाखांच्या पुढे गेला आणि पुन्हा लोकांना हलवावं लागलं. धरण सुरक्षित आहे असं सरकार सांगतं तेव्हा ते बहुधा खरंच सांगत असतं. फक्त धरणाची सुरक्षितता आणि त्याच्या खालच्या माणसांची सुरक्षितता ही दोन खाती वेगळी आहेत, आणि कधीकधी एकात जमा होतं ते दुसऱ्याच्या खर्चातून.

नदीच्या दोन्ही काठांना दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम. पण सलग चार वर्षं नदीत पाणीच नसलं की माणूस नदीला विसरतो. पात्रात टपरी येते, मग पत्र्याची खोली, मग स्लॅब. नदीला विस्मरणाची सवय नाही.

पंगतीच्या शेवटच्या टोकाला

लग्नाच्या पंगतीत वाढपी एका टोकाकडून येतात. वरच्या टोकाला जिलबी तीनदा फिरते, शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत परातीत पाक उरतो. गोदावरीच्या पंगतीत आपण शेवटच्या टोकाला. वर गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा. चांगल्या वर्षी सगळ्यांची पोटं भरतात आणि मग भांडणच नसतं. वाईट वर्षी ती धरणं भरतात आणि जायकवाडीत पाणी पोचत नाही.

त्यासाठी नियम आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं: खोऱ्यातल्या टंचाईचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मेंढेगिरी समितीनं त्याचं सूत्र बसवलं आणि २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं त्यावर आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही हे तत्त्व उचलून धरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच सूत्रानं ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला होता. हा ६५ चा आकडा ५८ वर आणावा अशी शिफारस आता नव्या समितीनं केली आहे. सात टक्के म्हणजे पाच टीएमसीहून जास्त, म्हणून मराठवाड्यात त्यावर एवढा संताप आहे.

वरच्या शेतकऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. ते म्हणतात, नोव्हेंबरात कोरड्या नदीतून सोडलेलं पाणी निम्मंअर्धं वाळूत मुरतं, वाटेत उपसलं जातं, आणि उरलेलं तुमच्या परातीतून उडून जातं. त्यात तथ्य आहे. पण त्यावरचं उत्तर पाणी न सोडणं हे नाही. जुलै-ऑगस्टात नदी ओली आणि वाहती असतानाच खालचा वाटा खाली जाऊ द्यावा. आणि हो, आपल्याच लाभक्षेत्रात ऊस किती असावा, हा प्रश्न त्यांनी विचारला की आपण विषय बदलतो, हेही कबूल करू.

धरण उशाला, कोरड घशाला

संभाजीनगरात पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येतं. "धरण भरलंय, मग नळाला का नाही?" शहराला रोज चौदा कोटी लिटर धरलं तर वर्षाला दोन टीएमसीसुद्धा लागत नाहीत. नव्या पाणीपुरवठा योजनेची दिवसाला ३९ कोटी लिटरची पूर्ण क्षमता धरली तरी पाचच टीएमसी. ७६ मधले पाच. म्हणजे शहराची टंचाई धरणातली नाही. शहर पैठणपासून पन्नासेक किलोमीटर दूर आणि धरणाच्या पाण्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचावर आहे. पाणी उपसून चढवावं लागतं. वाढत्या शहराला अपुऱ्या पडणाऱ्या जुन्या जलवाहिन्या, त्यांची फूट, वीज गेली की थांबणारे पंप आणि रखडलेली नवी योजना, हे खरं कारण. वरुणराजाला यात गोवू नये.

बाकी पाणी जातं शेतीला, डाव्या कालव्यातून २०८ किलोमीटर पार परभणीपर्यंत आणि उजव्या कालव्यातून १३२ किलोमीटरवरच्या माजलगाव धरणापर्यंत. टंचाईत पहिला हक्क पिण्याचा. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. लातूर मांजरा धरणावर अवलंबून, जायकवाडीवर नाही. पण एका धरणावर अख्खं शहर टांगलं की काय होतं, ते त्या रेल्वेनं दाखवून दिलं.

पक्षी, बाग आणि सेल्फी

उथळपणाचा एक फायदा माणसाला झाला नाही, पक्ष्यांना झाला. १९८६ पासून नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाणी ओसरायला लागलं की काठाला चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते आणि तिथं रोहित, चक्रवाक, करकोचे, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरतात. त्याच ओल्या पट्टीत काठचे शेतकरी गाळपेर करतात आणि उरलेल्या पाण्यात भोई-कहार समाजाची जाळी पडतात. पाण्यावर सौर पॅनल तरंगवून बाष्पीभवन थांबवा, ही सूचना म्हणून ऐकायला सोपी आणि करायला वादग्रस्त आहे. मासेमारांचा हा वाद हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला.

धरणाखालचं ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेलं. आमच्या पिढीची पहिली सहल तिथलीच, कारंज्यांवरचे रंगीत दिवे पाहायला रात्र होईपर्यंत थांबलेली. पुढं बागेची रया गेली, त्यावर वेगळा लेख होईल.

फिरायला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. काठचा कोरडा दिसणारा गाळ खालून ओला असतो, गुडघाभर पाय रुतला की निघत नाही. कालव्याचं सिमेंटचं अस्तर शेवाळानं निसरडं असतं. पट्टीचा पोहणाराही त्याला धरून वर येऊ शकत नाही. आणि सांडव्याखालच्या खडकांवर उभं असताना भोंगा वाजला तर फोटो पुरा करत बसू नये.

"मग खाली वाहून जाणारं तरी अडवा"

हा शेवटचा आणि सगळ्यात जोरात विचारला जाणारा प्रश्न. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरीपासून बंधाऱ्यांची रांग आहे, नांदेडला विष्णुपुरी आहे. पण ती भांडी लहान. मोठ्या पुरात ती आधीच भरलेली असतात आणि त्यांनाही दरवाजे उघडावे लागतात. नवीन मोठी भांडी बांधायला हवी तेवढी मोकळीक नाही. गोदावरी पाणीतंटा लवादानं १९८० च्या निवाड्यात पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राला दिलं, पण पैठणच्या खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणापर्यंत नव्या वापराला ६० टीएमसीची मर्यादा घातली. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडेच ठेवावे लागतात, म्हणजे नेमके पुराच्या दिवसांत. शिवाय दोन दिवसांत वीस टीएमसी येऊन जाणारा पूर धरायला जी जागा लागेल, ती बाकीची तीनशे त्रेसष्ट दिवस रिकामी ठेवावी लागेल. पुन्हा तीच रिकामी जागा, आणि तिच्याखाली कुणाची तरी ११८ गावं.

हे सगळं मी मामांना एकदा सविस्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली, शहाणपणाबद्दलचं मत काही बदललं नाही. पण गेल्या पावसाळ्यात फोन आला तेव्हा दरवाजे किती उघडले हे त्यांनी विचारलं नाही.

"नागमठाणला किती आहे?"

मी आकडा सांगितला. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग ते कुणाला तरी ओरडून म्हणाले, "दोर आण रे, मोटार काढायचीय."